एका बॉक्सवर तीन टीव्ही चालतात, पण चॅनेल एकच

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही दिसेल. साताऱ्याजवळ दोन मजली घर. हॉलमध्ये फोर-के टीव्ही आणि डीटीएचचा एकच एचडी बॉक्स. वरच्या खोलीत आई-वडिलांसाठी बत्तीस इंची एलईडी, स्वयंपाकघरात जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही. दुसरं कनेक्शन न घेता तिन्ही चालवायचे आहेत. दुकानातून एचडीएमआयचा 'स्प्लिटर' आणलात, तर फक्त हॉलचा टीव्ही लागला. मग छत्रीच्या वायरला टू-वे (एका वायरीचे दोन फाटे करणारा जोड) लावून एक टोक सरळ स्वयंपाकघरातल्या टीव्हीच्या अँटेनाच्या पिनेत घातलंत, तर नुसत्या मुंग्या. आता विचारताय, बूस्टर लावू का?

बूस्टर लावू नका. सिग्नल कमी पडल्यामुळे हे होतच नाहीये.

छत्रीवर येणारा सिग्नल साधारण १०.७ ते १२.७५ गिगाहर्ट्‌झचा असतो. छत्रीच्या तोंडाशी बसवलेला एलएनबी तो खाली उतरवून ९५० ते २१५० मेगाहर्ट्‌झमध्ये वायरीत सोडतो. त्या वायरीत शेकडो चॅनेल एकत्र गुंडाळलेले आणि बहुतेक कुलूपबंद असतात. बॉक्स त्यातला तुम्ही मागितलेला एक उचलतो, तुमच्या पॅकमध्ये आहे का ते बघून कुलूप उघडतो आणि एचडीएमआयच्या पिनेतून टीव्हीला देतो. तुमच्या जुन्या टीव्हीच्या अँटेनाच्या पिनेची धाव साधारण ८६० मेगाहर्ट्‌झपर्यंत, आणि तिला कळते ती फक्त जुन्या अ‍ॅनालॉग प्रक्षेपणाची भाषा. छत्रीची वायर तिच्यात घातली, तर मुंग्यांखेरीज काही दिसणं शक्यच नव्हतं. बूस्टर लावून मुंग्याच जोरदार झाल्या असत्या.

वीसेक वर्षं छत्र्या आणि केबल लावण्याचंच काम करतोय, आणि या विषयातला निम्मा गोंधळ एकाच ठिकाणी होताना बघतो. सिग्नल बॉक्सच्या आधी वाटायचा की बॉक्सच्या नंतर, हे कुणी ठरवतच नाही. आधी वाटलात तर प्रत्येक फाट्याला स्वतंत्र बॉक्स लागणार, मग ज्याला जे हवं ते त्यानं बघावं. नंतर वाटलात तर बॉक्स एकच पुरतो, पण हॉलमध्ये जे लागलंय तेच वर आणि तेच स्वयंपाकघरात. साध्या डीटीएच बॉक्समधून एका वेळी एकच चॅनेल उघडून बाहेर येतो. मागे कितीही महागडं यंत्र लावा, त्याचे दोन होत नाहीत.

म्हणून गिऱ्हाइकाकडे गेलो की वायर मोजण्याआधी मी विचारतो, संध्याकाळी सात ते दहा कोण काय बघतं? आई मालिका बघणार, वडील बातम्या लावणार आणि मुलगा मॅच, असं उत्तर आलं की मी एचडीएमआयचा विषय काढतच नाही. तीन माणसांत एकच रिमोट, तोही दोन मजल्यांवर! आठ दिवसांत मलाच शिव्या बसणार. उलट सगळे एकच बघतात, फक्त पोळ्या करताना कानावर आणि अधूनमधून नजरेसमोर हवं, असं असेल तर दुसऱ्या कनेक्शनवर खर्च करायचं कारण नाही.

तुमच्याकडे कोणता प्रकार आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून दोन्ही सांगतो. आधी तुम्हाला हवा असलेला, एकाच बॉक्सचा.

दुकानातून आणलेला डबा बाजूनं वाचा. त्यावर '३ इन, १ आउट' असं काही असेल तर तो स्प्लिटर नव्हे, स्विच आहे. तीन यंत्रं एका टीव्हीला जोडायची असली की तो लागतो. तुम्हाला हवा तो '१ इन, २ आउट' किंवा '१ इन, ४ आउट', आणि त्याला स्वतःचा पाच व्होल्टचा अ‍ॅडाप्टर असतो. अ‍ॅडाप्टर नसलेलं, एका पिनेच्या दोन पिना करणारं शेपूट मिळतं, ते घेऊ नका. एचडीएमआयमध्ये बॉक्स आणि टीव्ही एकमेकांशी बोलतात: तू किती रेझोल्यूशनचा, तुला कुठला आवाज चालतो, तू परवानगी असलेला पडदा आहेस ना. एका बॉक्सशी दोन टीव्ही एकाच वेळी बोलायला लागले की मध्ये कुणीतरी मध्यस्थ लागतो, आणि ते काम शेपटाला जमत नाही.

या बोलण्यावरूनच पुढच्या दोन तक्रारी येतात. पहिली चित्राची. तुमचा हॉलचा टीव्ही फोर-के आणि वरचा बत्तीस इंची बहुधा एचडी-रेडी. स्प्लिटर दोघांना झेपेल असं बघतो किंवा पहिल्या पिनेवरच्या टीव्हीचंच ऐकतो, ते त्याच्या बनावटीवर आहे. एकावर चित्र आणि दुसरा काळा, असं झालं तर बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन रेझोल्यूशन 'ऑटो'वरून काढून १०८०आय किंवा ७२०पी करून ठेवा. एचडी चॅनेलला तेवढं पुरतं. दुसरी तक्रार आवाजाची. हॉलमध्ये साउंडबार असेल म्हणून बॉक्समध्ये डॉल्बी चालू केलेलं असतं, आणि वरच्या साध्या टीव्हीला ते उलगडत नाही. चित्र येतं, आवाज गायब. बॉक्सचा आवाज स्टिरिओ किंवा पीसीएमवर आणला की प्रश्न मिटतो. लोक यासाठी टीव्ही दुरुस्तीला नेतात.

आता अंतर. चांगली एचडीएमआय वायर दहा मीटरपर्यंत १०८०पी बिनघोर नेते, पंधराला धाकधूक सुरू होते. हॉलमधून वरच्या खोलीत जाताना वायर भिंतीनं वर, कोपऱ्यातून आत, मग टीव्हीपर्यंत जाते. सरळ अंतर सहा मीटर दिसलं तरी मोजाल तेव्हा सोळा भरतं. शिवाय एचडीएमआयची तयार पिन घरातल्या नेहमीच्या पाऊण इंची पाइपातून जात नाही, आणि ती कापून पुन्हा बसवताही येत नाही. म्हणून मजला बदलायचा असेल तर मी कॅट-६ वायर आणि एचडीएमआय एक्स्टेंडर वापरतो. एक डबी बॉक्सजवळ, एक टीव्हीमागे, मधे नेटवर्कची वायर. ती पाइपातून ओढून मग टोकांना पिना बसवता येतात.

एक्स्टेंडर दोन जातींचे येतात. साधा असतो तो डबी ते डबी सरळ वायर मागतो. त्याची पिन राउटरसारखी दिसते म्हणून लोक ती राउटरमध्ये खोचतात आणि चालत नाही म्हणून परत करतात. दुसरा नेटवर्कवरून चालणारा. तो नेटवर्कच्या स्विचमधून जातो, जास्त टीव्हींना पुरवतो, पण चित्र किंचित उशिरा येतं. वर आणि खाली एकाच वेळी टीव्ही चालू असले तर जिन्यात उभं राहून आवाज दोनदा ऐकू येतो. मॅचच्या वेळी तर खालचे ओरडल्यावर वरच्यांना विकेट दिसते. तुमच्या घराला साधाच घ्या. खोक्यावर साठ मीटर लिहिलेलं असेल तर मी तीस धरतो. आणि वायर पूर्ण तांब्याची घ्या. स्वस्तात मिळते ती अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली असते. तार ब्लेडनं खरवडा, आत पांढरी निघाली तर परत द्या.

घेताना एक बघा: पाठवणाऱ्या डबीला 'लूप आउट' अशी एचडीएमआयची आणखी एक पिन असलेला सेट घ्या. बॉक्समधून वायर डबीत, डबीच्या लूपमधून हॉलच्या टीव्हीला आणि कॅट-६ वरून वरच्या टीव्हीला. मग वेगळा स्प्लिटर लागतच नाही. जितकी यंत्रं कमी, तितक्या रात्री दहाला येणाऱ्या फोनच्या शक्यता कमी.

वायरलेस एचडीएमआयचं विचाराल, तर एकाच खोलीत ठीक. आपल्याकडच्या नऊ इंची विटांच्या भिंती आणि वर काँक्रीटचा स्लॅब, यातून ते भरवशानं जात नाही. मी लावून देत नाही.

स्वयंपाकघरातल्या जुन्या टीव्हीला एचडीएमआय नाहीच. पण बॉक्सच्या मागे बघा. बऱ्याच बॉक्सना एचडीएमआयशिवाय पिवळी-लाल-पांढरी एव्ही पिन असते आणि दोन्ही एकाच वेळी चालतात. नवीन छोट्या बॉक्सना तीन पिनांऐवजी हेडफोनसारखं एकच भोक असतं, त्याची वेगळी वायर मिळते. त्या वायरीत पिनांचा क्रम सगळीकडे सारखा नसतो. चित्राच्या जागी गुरगुर ऐकू आली तर पिवळी आणि लाल अदलाबदल करून बघा. स्वयंपाकघर हॉलला लागून असेल तर पिवळ्या पिनेसाठी आरजी-६ वायर (छत्रीला असते तीच) वापरून चित्र दहा-पंधरा मीटर सहज नेता येतं. पण पिवळ्या पिनेला साधा टी जोडून दोन टीव्हींना देऊ नका. बॉक्सला ७५ ओहमचा एकच टीव्ही अपेक्षित असतो. दोन जोडले की भार निम्म्यावर येऊन व्होल्टेज दोनतृतीयांश उरतं आणि दोन्ही पडदे फिके पडतात.

त्या टीव्हीला एव्हीची पिनही नसेल किंवा खराब झाली असेल, तर आरएफ मॉड्युलेटर. हे जुनं पण भरवशाचं यंत्र. केबलवाले गावातला गणपती विसर्जनाचा लाइव्ह आणि रात्रीचा सिनेमा याच जातीच्या यंत्रातून सोडायचे. एव्ही आत घेतं आणि टीव्हीच्या अँटेनाला कळेल असा एक चॅनेल बाहेर देतं. टीव्हीवर ऑटो ट्यूनिंग करायचं, तो सापडतो. पूर्वी दूरदर्शनच्या चॅनेलवर आदळणार नाही असा क्रमांक निवडायला लागायचा. दूरदर्शनचे बहुतेक अ‍ॅनालॉग प्रक्षेपक २०२२ पर्यंत बंद झाले, त्यामुळे आता जवळजवळ सगळी जागा मोकळी. याचा खरा फायदा असा की मॉड्युलेटरच्या पुढे साधा स्प्लिटर लावून कितीही टीव्ही जोडता येतात. तोटा म्हणजे चित्र जुन्या पद्धतीचं, एचडी नाही, आवाज बहुधा मोनो. पिक्चर ट्यूबला तेवढंच हवं असतं. मॉड्युलेटर आता प्रत्येक गावात मिळत नाही. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला शोधा, नाहीतर ओळखीच्या केबलवाल्याच्या माळ्यावर एखादा पडलेला असेलच.

मॉड्युलेटर आला की बूस्टरचा प्रश्न रास्त होतो, म्हणून तेही सांगतो. टू-वे स्प्लिटर साधारण साडेतीन ते चार डीबी (डेसिबल, सिग्नलच्या घटीचं माप) खातो, फोर-वे सात-आठ. तीन डीबी गेले म्हणजे ताकद निम्मी. वायरीतही गळती असते आणि फ्रिक्वेन्सी वाढेल तशी ती वाढते: आरजी-६ मध्ये १००० मेगाहर्ट्‌झला शंभर मीटरमागे साधारण २० डीबी जातात, छत्रीच्या वायरीत २१५० च्या टोकाला तीसच्या वर. बूस्टर लावायचाच तर स्प्लिटरच्या आधी, सिग्नल चांगला असतो तिथं. शेवटच्या टीव्हीपाशी लावून उपयोग नाही. पुसट झेरॉक्सची मोठी झेरॉक्स काढली तर अक्षरं मोठी होतात, वाचता येत नाहीत. स्प्लिटरची एखादी पिन रिकामी राहिली तर तिला ७५ ओहमचं टर्मिनेटर, म्हणजे टोक बंद करणारी टोपी, लावा, नाहीतर तिथून सिग्नल उलटा फिरतो आणि चित्राला सावल्या पडतात.

रिमोटचं बहुतेकजण शेवटी आठवतात. वर बसलेल्या वडिलांनी चॅनेल बदलायला खाली यायचं का? एक्स्टेंडर घेताना आयआर असलेला, म्हणजे रिमोटचा इन्फ्रारेड इशाराही नेणारा घ्या. त्याच्याबरोबर दोन बारीक वायरी येतात: एक डोळा, तो वरच्या टीव्हीजवळ लावायचा, एक दिवा, तो खालच्या बॉक्सच्या तोंडासमोर चिकटवायचा. दुसरा रिमोट वर ठेवला की झालं. मात्र बॉक्स अँड्रॉइडचा असेल आणि रिमोट ब्लूटूथवर चालत असेल, तर ही युक्ती चालेलच असं नाही. आधी रिमोटवर हात झाकून बघा. झाकूनही चॅनेल बदलला तर तो ब्लूटूथचा. आणि सीईसी नावाची सेटिंग बंद करा, नाहीतर हॉलमधला टीव्ही बंद केला की बॉक्सही झोपतो आणि वरून हाक येते.

आता दुसरा प्रकार, जिथं प्रत्येकाला वेगळं बघायचं आहे. तिथं बॉक्सच्या आधी वाटायचं आणि प्रत्येक टीव्हीला बॉक्स द्यायचा. केबल असती तर काम सोपं: घरात येणारी वायर चांगल्या स्प्लिटरनं फोडायची, दोन्ही फाट्यांना बॉक्स. डीटीएचला तसं करता येईलच असं नाही. बॉक्स त्याच वायरीतून एलएनबीला वीज देतो आणि ती १३ व्होल्ट की १८, त्यावर २२ किलोहर्ट्‌झचा सूर आहे की नाही, यावरून एलएनबीला कोणता पट्टा हवा ते कळवतो. साध्या स्प्लिटरवर दोन बॉक्स जोडले आणि दोघांनी वेगवेगळं मागितलं, तर एकाचे चॅनेल गायब होतात. काही कंपन्यांच्या मांडणीत हे चालूनही जातं, पण खात्रीचा मार्ग म्हणजे दोन पिनांचा एलएनबी आणि छत्रीपासून प्रत्येक बॉक्सला स्वतंत्र वायर. छत्री तीच राहते. अधिकृत माणूस हेच करून देतो.

खर्चाचं म्हणाल तर दुसरं कनेक्शन म्हणजे पूर्ण दुप्पट बिल असतंच असं नाही. ट्रायचे, म्हणजे दूरसंचार नियामकाचे, २०१९ पासूनचे नियम आले तेव्हा पहिल्या शंभर चॅनेलसाठी १३० रुपये अधिक जीएसटी अशी नेटवर्क फीची (चॅनेल घरापर्यंत पोचवण्याच्या आकाराची) मर्यादा होती. २०२० मध्ये एकाच घरातल्या दुसऱ्या टीव्हीला त्या फीच्या जास्तीत जास्त ४० टक्के, असं ठरलं. २०२४ मध्ये नेटवर्क फीवरची कमाल मर्यादा काढून ती कंपन्यांवर सोडली गेली. म्हणून आज तुमच्या कंपनीला 'मल्टी टीव्ही'चा दर विचारा आणि दुसऱ्या बॉक्सवर हॉलचं पॅक जसंच्या तसं घेऊ नका. आई-वडील बघतात ते मोजके मराठी आणि बातम्यांचे चॅनेल वेगळे निवडता येतात. एक्स्टेंडर, कॅट-६ आणि मजुरीची बेरीज या आकड्यासमोर मांडून बघा. कधीकधी दुसरा बॉक्स खरोखर स्वस्त पडतो.

डीडी फ्री डिश हाही एक मार्ग आहे. महिन्याचं भाडं नाही, सह्याद्री आहे, इतरही बरेच चॅनेल आहेत. काही नव्या टीव्हींमध्ये उपग्रहाचा ट्यूनर आतच असतो, त्यांना बॉक्सही लागत नाही. पण तुमची छत्री त्याला चालेलच असं समजू नका. फ्री डिश ९३.५ अंश पूर्वेच्या जीसॅट-१५ वर आहे. टाटा प्लेचे उपग्रह ८३ वर, एअरटेलचे १०८.२ वर. म्हणजे बहुधा आणखी एक छोटी छत्री. आपल्या भागातून तिचं तोंड आग्नेयेकडे येतं. त्या बाजूला नारळ किंवा शेजाऱ्याची टाकी नाही ना, ते गच्चीवर जाऊन आधी बघा.

हे सगळं एका घरापुरतं. खालचा मजला भाड्यानं दिलाय, त्यांनाही वायर टाकतो, किंवा होमस्टेच्या चार खोल्यांत घरगुती बॉक्सवरून टीव्ही लावतो, असं करू नका. घरगुती कनेक्शन त्यासाठी नसतं. लॉज-हॉटेलसाठी वेगळे दर आहेत.

तुमच्या जागी मी काय करीन? घरात एकच बघितलं जात असेल तर लूप आणि आयआर असलेला एक्स्टेंडर वरच्या खोलीसाठी, बॉक्सची एव्ही पिन स्वयंपाकघरासाठी. वडिलांना स्वतंत्र हवं असेल तर वर दुसरा बॉक्स, दोन पिनांचा एलएनबी, आणि स्वयंपाकघराला हॉलचीच एव्ही.

जोडताना बॉक्स आणि टीव्ही दोन्हींचे बटण भिंतीवरून बंद करा. घराला अर्थिंग नीट नसेल तर छत्रीच्या वायरीच्या पिनेला हात लावल्यावर हलका झटका बसतो. त्याच गळतीनं चालू स्थितीत एचडीएमआय खोचताना पिनेमागची चिप जाते. नवी वायर विजेच्या पाइपातून नेऊ नका, वेगळा पाइप किंवा केसिंग पट्टी घ्या. वळवाच्या पावसात विजा सुरू झाल्या की छत्रीची वायर बॉक्समधून काढून ठेवा. आता टीव्ही तीन आणि ते एकमेकांना जोडलेले, एका वायरीतून आलेला दणका तिघांपर्यंत जातो.

आणि भिंत फोडण्याआधी सगळा सामान हॉलच्या फरशीवर मांडा. वरचा टीव्ही खाली आणा, विकत घेतलेली कॅट-६ पूर्ण लांबीची उलगडून त्याच पिना लावून जोडा आणि एक अख्खी मॅच चालू ठेवा. त्यात पडदा एकदाही काळा झाला नाही, तर गवंड्याला बोलवा.